पडलेली पापणी, तिची शस्त्रक्रिया आणि विम्याचा दावा : पणजीतील एका नेत्रचिकित्सालयाचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या उचलून घेण्याची शस्त्रक्रिया पणजीतील एका खासगी नेत्रचिकित्सालयात करून घेतली. हे परीक्षण त्या चिकित्सालयाचे आहे आणि तितकेच माझ्या आरोग्य विमा कंपनीचेही, कारण या शस्त्रक्रियेचा खर्च कोण उचलणार हे सुरीपेक्षा कागदावर अधिक ठरते. दोघांचीही नावे मी मुद्दाम देत नाही. चिकित्सालयाला मी पाचपैकी चार गुण देतो आणि विमा कंपनीला दोन. त्यातला एक गुण तिने अखेरीस आपला निर्णय फिरवला म्हणून.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. तेहतीस वर्षे फोंड्याहून पणजीला जाऊन-येऊन मी मराठी वृत्तपत्रांची आणि पुढे पुस्तकांची प्रुफे वाचली. चारेक वर्षांपूर्वी संध्याकाळच्या पाळीत मान मागे टाकून वाचण्याची सवय मला लागली, तेव्हा ती मला चष्म्याच्या नंबराची तक्रार वाटली. पुढे भुवया सतत वर ताणल्यामुळे कपाळ दुखू लागले आणि रात्री ओळ वाचताना डाव्या पापणीला बोटाचा टेकू द्यावा लागू लागला. कदंबच्या थांब्यावर बस अगदी जवळ येईपर्यंत तिच्या माथ्यावरची पाटी दिसेनाशी झाली, स्कूटर चालवताना वरचा सिग्नल चुकू लागला, आणि पत्नी म्हणू लागली, ‘‘अहो, तुमची डावी पापणी आज पुन्हा झोपली आहे.’’ चष्मा दोनदा बदलला. दोन्ही वेळा काच नवी आली आणि पापणी होती तिथेच राहिली.

या चिकित्सालयाचे सर्वांत मोठे बलस्थान पहिल्याच भेटीत दिसले, ते म्हणजे तपासणी. नेत्रपटल, मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब यांची नेहमीची पाहणी झाल्यावर पापणीच्या शस्त्रक्रियेत विशेष शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी खिशातून शाळकरी मुलांकडे असते तशी प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी काढली. बाहुलीवर पडलेल्या टॉर्चच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी मोजले. निरोगी डोळ्यात ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते; माझ्या उजव्या डोळ्यात ते अडीच आणि डाव्यात फक्त १ मिलिमीटर भरले. मग अंगठ्याने भुवई दाबून धरून ‘‘सर, खाली पाहा, आता मान न हलवता वर पाहा,’’ असे म्हणत पापणी किती उचलली जाते ते पाहिले. हे माप १३ मिलिमीटर आले, म्हणजे पापणी उचलणारा लिव्हेटर हा स्नायू सशक्त होता. दुखणे होते ते त्या स्नायूला पापणीशी जोडणाऱ्या पातळ, पडद्यासारख्या कंडऱ्यात. वयोमानाने तो ताणला जातो किंवा आपल्या जागेवरून सुटतो; अनेक वर्षे कठीण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आणि कधीकधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही असे होते. पापणीवरची घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली दिसणे ही त्याची खूण, आणि ती त्यांनी मला आरशात दाखवली.

त्यानंतर ज्या दोन गोष्टी त्यांनी केल्या, त्या दुसऱ्या कोणी केल्या नसत्या असे मला वाटते, कारण त्याआधी ज्या एका ठिकाणी मी गेलो होतो तेथे पाच मिनिटांत थेट शस्त्रक्रियेची तारीख देऊ केली गेली होती. पहिली गोष्ट बर्फाची. रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरून तो दोन मिनिटे मिटलेल्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि पुन्हा पट्टीने मोजले. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात नस आणि स्नायू यांच्यातला संदेश थकत जातो, पापणी संध्याकाळी अधिक पडते आणि गारव्याने तात्पुरती उचलली जाते. माझीही तक्रार संध्याकाळचीच असल्यामुळे हा संशय दूर करणे आवश्यक होते. तो विकार निघाला असता तर उपचार औषधांचा होता, टाक्यांचा नव्हे. बर्फाने फरक पडला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जुनी छायाचित्रे. लग्नातले, जुन्या वाहन परवान्यावरचे आणि अलीकडचे अशी तीन छायाचित्रे त्यांनी मागवली, पापणी हळूहळू पडत गेली की अचानक याची खात्री करण्यासाठी. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पापणी एकाएकी पडली आणि सोबत एकाच्या दोन वस्तू दिसणे, तीव्र डोकेदुखी किंवा एक बाहुली मोठी होणे अशी लक्षणे असली, तर विम्याचा विचार बाजूला ठेवून त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा डोळा व पापणी हलवणाऱ्या तिसऱ्या नसेवर दाबत असल्याची ती खूण असू शकते.

उपचारांचे पर्याय डॉक्टरांनी घाई न करता समजावले. पापणीला आधार देणारी तार चष्म्याच्या चौकटीला बसवून घेता येते, पण तिच्यामुळे पापणीची उघडझाप अडते आणि डोळा कोरडा पडतो. ऑक्सिमेटाझोलिन या औषधाच्या ०.१ टक्के थेंबांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये प्रौढांच्या पडलेल्या पापणीसाठी मान्यता दिली. ते पापणीतला म्यूलरचा छोटा स्नायू आकुंचित करून पापणी काही तासांपुरती वर धरतात, सुटलेला कंडरा मात्र जोडत नाहीत. डोळ्यांचे व्यायाम आणि मालिश यांबद्दल मीच विचारले, कारण आमच्या वाड्यावर तसा सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. ताणलेला कंडरा व्यायामाने आखडत नाही, एवढे एक वाक्य त्यांनी उत्तरादाखल पुरेसे मानले.

शस्त्रक्रियेचेही प्रकार आहेत. फेनिलेफ्रिन या औषधाचा थेंब डोळ्यात टाकल्यावर पापणी चांगली उचलली गेली, तर पापणीच्या आतल्या बाजूने म्यूलरचा स्नायू आखूड करता येतो आणि बाहेर टाका दिसत नाही. स्नायूची शक्ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, जसे जन्मजात विकारात अनेकदा असते, तर सिलिकॉनची दोरी किंवा मांडीतल्या ऊतीची पट्टी वापरून पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. माझ्यासारख्यात, स्नायू बळकट आणि कंडरा सैल अशा स्थितीत, पापणीच्या घडीतून छेद घेऊन कंडरा पुढे ओढून पुन्हा शिवणे हा सरळ मार्ग. याखेरीज माझ्या उजव्या पापणीवर वयाने लोंबणारी थोडी जादा कातडी होती. ती कापून काढणे म्हणजे ब्लेफरोप्लास्टी. ही वेगळी शस्त्रक्रिया आहे, आणि पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दाने केला.

शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची करावी की दोन्हींची, हाही प्रश्न होता. डॉक्टरांनी बोटाने माझी डावी पापणी उचलून धरली आणि पत्नीला उजवीकडे पाहायला सांगितले. उजवी पापणी तिच्या डोळ्यांदेखत खाली आली. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच जोर मिळतो, त्यामुळे डावीसाठी लावलेला जास्तीचा जोर सुटला की उजवीचे खरे रूप उघडे पडते. म्हणून दोन्ही ठरल्या.

आता विमा. भारतातील आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या किंवा प्लॅस्टिक शस्त्रक्रियेला वगळणारे कलम प्रमाणित शब्दांत असते. त्याचा आशय असा की रूप बदलण्यासाठीचा खर्च मिळणार नाही. अपवाद अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक ठरलेल्या उपचाराचा, आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली असली पाहिजे. पडलेली पापणी या कलमाच्या उंबरठ्यावर उभी असते. बाहुली झाकणारी पापणी हा दृष्टीचा आजार आहे आणि डोळ्याच्या वर नुसती लोंबणारी कातडी ही दिसण्याची तक्रार आहे, असे विमा कंपनी मानते. ही रेघ मला अन्याय्य वाटत नाही. माझी तक्रार ती रेघ कागद न वाचताच ओढण्याबद्दल आहे.

दृष्टीत अडथळा आहे हे सिद्ध करणारी चाचणी म्हणजे दृष्टिक्षेत्राची. पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसायचे, समोरच्या बिंदूवर नजर ठेवायची आणि कोठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे. ती एकदा पापण्या आहेत तशा ठेवून आणि एकदा त्या चिकटपट्टीने वर बांधून करतात. माझ्या डाव्या डोळ्याच्या पहिल्या नकाशाचा वरचा भाग काळाकुट्ट आला, जणू कोणी शाई सांडली. पट्टी लावल्यावर तोच भाग जवळपास स्वच्छ झाला. हे दोन नकाशे, समोरून घेतलेली छायाचित्रे आणि पट्टीने मोजलेले आकडे एवढा ऐवज हातात असता कोणत्याही वाचणाऱ्याला शंका राहू नये.

मात्र चिकित्सालयाच्या विमा काउंटरवरून कॅशलेस मंजुरीसाठी जो अर्ज गेला, त्यात शस्त्रक्रियेच्या रकान्यात फक्त ‘दोन्ही डोळ्यांची ब्लेफरोप्लास्टी’ असे लिहिले होते. टोसिस, म्हणजे पापणी पडणे, हा शब्दच नव्हता, आणि दृष्टिक्षेत्राचे नकाशे जोडलेले नव्हते. चिकित्सालयाचा एक गुण मी येथे कापला आहे. डॉक्टरांनी आत मिलिमीटर मोजावे आणि बाहेरच्या काउंटरने सवयीने पाठ झालेला शब्द लिहावा, हे दोन टोकांचे काम एकाच छताखाली चालले होते. तिसऱ्या दिवशी नकार आला : सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, देय नाही. कलमाचा क्रमांक दिला नव्हता. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासाच्या आत निर्णय द्यावा लागतो, आणि दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. माझ्या बाबतीत घड्याळही चुकले आणि उल्लेखही. मीही तो अर्ज पाठवण्याआधी वाचायला मागितला नाही, याची मला आजही लाज वाटते; आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचलेल्या माणसाने स्वतःचा कागद न वाचता सही केली.

शस्त्रक्रिया आम्ही पुढे ढकलली नाही. सकाळी साडेसातला दाखल होऊन संध्याकाळी फोंड्याला घरी, असा तो एकाच दिवसाचा कार्यक्रम. टेबलावर निजवताना परिचारिका म्हणाली, ‘‘काका, भिवपाचें कांय ना,’’ आणि भिण्यासारखे खरोखर फारसे नव्हते. बधिरतेचे इंजेक्शन पापणीत टोचतानाची दहा-पंधरा सेकंदांची आग तेवढी लक्षात राहिली. पुढचा भाग विलक्षण होता. निम्मे टाके झाल्यावर डॉक्टरांनी मला टेबलावर उठवून बसवले, अंगावर हिरवे कापड आणि गालांवर पिवळसर औषधाचे ओघळ असताना, आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला सांगितले. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती, आणि घड्याळाचा वरचा काठ मला मान न उचलता दिसला. त्यांनी दोन्ही पापण्यांची उंची ताडून पाहिली, डावीकडचा एक टाका सोडला, मला पुन्हा निजवून तो थोडा सैल बांधला आणि पुन्हा बसवले. इंजेक्शनातल्या ॲड्रिनलिनने म्यूलरचा स्नायू तात्पुरता उचलला जातो, म्हणून टेबलावर पापणी हवी त्यापेक्षा किंचित वर ठेवावी लागते, असे त्यांनी काम करता करता समजावले. संपूर्ण बधिर करून झोपवले असते तर हे मोजमाप शक्यच झाले नसते.

संध्याकाळी घरी पाठवताना हातात आलेला डिस्चार्जचा कागद मात्र मी वाचला. त्यात ‘उजवा डोळा’ दोनदा आणि ‘डावा’ एकदाही नव्हता. सुजलेल्या डोळ्यांनी, मलमाच्या धुरकट पडद्यातून सापडलेली ही माझ्या कारकिर्दीतली बहुधा सर्वांत किफायतशीर चूक असावी. तो कागद तसाच गेला असता तर डाव्या डोळ्याचे पैसे कोणत्याही कंपनीने दिले नसते. काउंटरवरच्या मुलीने तो मुकाट्याने दुरुस्त करून दिला, आणि मी त्याच वेळी एकत्रित बिलाऐवजी तपशीलवार बिल मागून घेतले.

परताव्याचा दावा मी स्वतः लिहिला. रकान्यात ‘दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांच्या टोसिसची दुरुस्ती, लिव्हेटर कंडरा पुढे आणून’ असे लिहून घेतले आणि उजव्या डोळ्याची जादा कातडी काढल्याचा उल्लेख वेगळ्या ओळीत प्रामाणिकपणे केला. डॉक्टरांनी अर्ध्या पानाचे प्रमाणपत्र दिले, त्यात तीनही मापे, दृष्टिक्षेत्राचा निष्कर्ष आणि स्कूटर चालवताना व वाचताना होणारा अडथळा नमूद होता. एवढे असूनही पहिले उत्तर जुनेच आले, या वेळी कलमाच्या क्रमांकासह. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी पत्र लिहिले. त्या कलमातला अपवादाचा भाग शब्दशः उतरवून त्याखाली डॉक्टरांचे प्रमाणपत्र ठेवले, आणि हा नकार दावे फेरतपासणाऱ्या तीन सदस्यांच्या समितीपुढे गेला होता काय, हे विचारले, कारण त्याच २०२४ च्या परिपत्रकानुसार अशा मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही. तेराव्या दिवशी मंजुरी आली. महिनाभरात समाधान झाले नसते तर पुढची पायरी विमा लोकपालांची होती. त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही.

हिशेब असा झाला. दोन्ही डोळ्यांचे मिळून ८४,००० रुपये, जादा कातडीचे ९,००० आणि आधीच्या चाचण्यांचे ३,६००, एकूण ९६,६००. कंपनीने ८४,७०० दिले. कातडीचे ९,००० नाकारले, ते मला मान्य आहे. २,९०० हातमोजे आणि तत्सम वापराच्या वस्तूंच्या नावाने कापले, ते पॉलिसीत लिहिलेलेच होते. चाचण्यांचे पैसे मिळाले ते केवळ त्या शस्त्रक्रियेआधीच्या तीस दिवसांत झाल्या म्हणून. तपासणी आज आणि शस्त्रक्रिया चार महिन्यांनी, असे करणाऱ्यांनी हे पाहून ठेवावे.

आणखी काही गोष्टी या वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगाच्या आहेत. गोव्यातील बरीच नेत्रचिकित्सालये लहान आहेत आणि पुरेशा खाटा नसल्यामुळे विम्याच्या व्याख्येत ‘रुग्णालय’ ठरत नाहीत. पण सुसज्ज शस्त्रक्रियागृह, पात्र परिचारिका व डॉक्टर आणि दैनंदिन नोंदी असल्यास ती ‘डे केअर केंद्र’ म्हणून बसतात. तसे प्रमाणपत्र आधी मागावे. पॉलिसी नवी असेल आणि पापणी त्याआधीपासून पडलेली असेल, तर पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी लागतो, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो. जन्मजात पडलेल्या पापणीची अडचण वेगळी आहे : शरीरावर दिसणारे जन्मजात दोष अनेक पॉलिसी वगळतात, आणि लहान मुलाची बाहुली झाकली गेली तर डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. तेथे विम्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजचा नेत्रविभाग आहे, तेथे दाखवावे. ज्यांच्याकडे गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे, त्यांना तीन जणांपर्यंतच्या कुटुंबासाठी वर्षाला अडीच लाखांचे आणि मोठ्या कुटुंबासाठी चार लाखांचे संरक्षण असते, पण ते ठरलेल्या यादीतल्या शस्त्रक्रियांपुरते. आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि कोणत्या नावाने, हे दाखल होण्याआधी विचारून घ्यावे.

चिकित्सालयाबद्दल उरलेले थोडक्यात. वेळ दिलेली असूनही दर भेटीला सव्वा तास बसावे लागले, आणि वाहन लावण्याची सोय नाही म्हटले तरी चालेल. मी बसनेच जात होतो. टाके सातव्या दिवशी काढले. सूज दहा दिवसांत उतरली, जखमेची रेघ घडीत लपली. डॉक्टरांनी आधीच बजावल्याप्रमाणे पहिले तीन आठवडे झोपेत डोळे पूर्ण मिटत नव्हते, त्यासाठी रात्री मलम आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावे लागले. तीन महिन्यांनंतरच्या मोजणीत उजवी पापणी ४ आणि डावी साडेतीन मिलिमीटरवर भरली. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक आरशात मला दिसतो, पत्नीला दिसत नाही, आणि तेवढ्यासाठी पुन्हा टाका घालण्याची डॉक्टरांची तयारी असूनही मी नको म्हटले. थेंब अजून चालू आहेत. महिन्याला ३४० रुपये लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतरचे साठ दिवस उलटल्यामुळे ते आता माझ्याच खिशातून जातात.